चुंबक आधी हातात द्या, व्याख्या नंतर

चुंबकत्वाचा धडा बहुतेक वर्गांत फळ्यावरच उरकला जातो. ‘सजातीय ध्रुवांमध्ये प्रतिकर्षण, विजातीय ध्रुवांमध्ये आकर्षण’ हे वाक्य मुले पाठ करतात, गुणही मिळवतात. पण दोन चुंबक समोरासमोर धरल्यावर बोटांना जाणवणारा तो न दिसणारा रेटा अनेकांनी कधी अनुभवलेलाच नसतो.

प्रयोगशाळा नाही, हे त्याचे नेहमीचे कारण. ते मला पटत नाही. शाळा मराठी असो वा उर्दू, बिघडलेल्या स्पीकरमधला चुंबक भंगारवाल्याकडे मिळतोच. तो कागदात गुंडाळून मैदानातल्या कोरड्या मातीतून फिरवा. काळे बारीक कण चिकटून येतील. आपला काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडला; त्यात मॅग्नेटाइट हे खनिज असते. भूगोल आणि भौतिकशास्त्र असे एकाच मुठीत येतात.

मात्र नुसती गंमत दाखवून भागत नाही, प्रश्नही विचारला पाहिजे. दिसायला सारख्या दोन पट्ट्या द्या. एक चुंबक, दुसरी साधे लोखंड. तिसरी वस्तू न वापरता चुंबक ओळखायचा. टोकाला टोक लावून काहीच कळत नाही, कारण त्या एकमेकींना चिकटतातच. एकीचे टोक दुसरीच्या मध्यावर टेकवले की उलगडा होतो. टोक घट्ट चिकटले तर ते चुंबकाचे; नाही चिकटले तर दुसरी पट्टी चुंबक, कारण पट्टीचुंबकाचा मध्यभाग जवळजवळ ओढतच नाही. हे ज्या मुलाने स्वतः शोधले, त्याला ध्रुव म्हणजे काय ते वेगळे शिकवावे लागत नाही.

लसूण चोळली की चुंबकाची शक्ती जाते, असे युरोपातले विद्वान शतकानुशतके लिहीत आले. विल्यम गिल्बर्टने १६०० साली आपल्या ग्रंथात तो समज खोडून काढला. पडताळून पाहायला लागत होते काय? एक चुंबक आणि लसणाची एक पाकळी!

आज सांधेदुखीवर ‘चुंबकीय’ पट्टे आणि बांगड्या विकल्या जातात आणि शिकलेली माणसेही त्या घेतात. पाठांतराने गुण मिळतात. ‘हे कुणी तपासून पाहिले?’ हा प्रश्न त्याने सुचत नाही. तो सुचावा यासाठी शिक्षकांनी एक तास फळा बाजूला ठेवावा आणि पालकांनी त्या तासाचे गुण विचारू नयेत.