पौषातील रेवदंडा

पौष महिना आमच्या जुन्या घरांतून भाकड म्हणून ओळखला जातो. या महिन्यात लग्नकार्य काढावयाचे नाही. संक्रांतीचे हळदीकुंकू सोडल्यास समारंभ नाही. आणि नाताळच्या सुटीत हिंडून आलेली मुले पुन्हा शाळेच्या वेळापत्रकाला जुंपलेली असतात. समुद्रकाठच्या गावांचाही हाच मंदीचा काळ. वर्षाअखेरची धामधूम ओसरते आणि आठवड्याच्या अधल्यामधल्या वारी तेथे बाहेरचे माणूस क्वचितच दृष्टीस पडते. अशा वेळी प्रवासाला निघण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो विक्षिप्तपणाचा वाटेल. तरीही आमच्या नवी मुंबईतील वाचकांना आम्ही या महिन्यात तोच सल्ला देऊ इच्छितो. एखाद्या मंगळवारी वा बुधवारी त्यांनी चौल-रेवदंड्यास जावे, आणि एक रात्र तरी तेथे राहावे.

नवी मुंबई हे वयाने लहान शहर. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीकाठच्या शेतांवर व मिठागरांवर वसाहती उभ्या राहिल्या. १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. बंदराच्या, गोदीच्या किंवा मालवाहतुकीच्या उद्योगावर ज्यांचा संसार चालतो, अशी कुटुंबे आमच्या वाचकांत थोडी नाहीत. बंदर भरभराटीस येते तेव्हा काय होते, हे ती रोज पाहत असतात. भरभराट निघून गेल्यावर काय उरते, हे पाहावयाचे असेल, तर चौलासारखे स्थळ जवळपास दुसरे नाही.

बेलापुराहून पनवेल, पेण, अलिबाग असा मार्ग धरला, म्हणजे रेवदंडा सुमारे शंभर किलोमीटरांवर येते. अलिबाग सोडल्यावर थोड्याच अंतरावर आक्षी हे गाव लागते. तेथे क्षणभर थांबल्यावाचून पुढे जाऊ नये. शिलाहार राजा केशिदेव याच्या काळातील, शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ चा, एक शिलालेख या गावी आहे. मराठीतील ज्ञात कालोल्लेखित लेखांत तो सर्वांत जुना, असे अनेक अभ्यासक मानतात. २०२४ साली आपल्या भाषेस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण सर्वांनी पेढे वाटले. त्या भाषेचे इतके जुने अक्षर आपल्या घरापासून दोन-तीन तासांच्या वाटेवर आहे, हे मात्र किती घरांत ठाऊक असेल?

आक्षी, नागाव मागे टाकून आपण चौलात येतो. कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत 'चेमुल' येथील दात्यांची नावे कोरलेली आहेत. ग्रीक नावाड्यांच्या जुन्या मार्गदर्शिकेत हेच बंदर 'सेमुल्ला' या नावाने येते. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल् मसूदी येथे आला. १४६९ च्या सुमारास अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी येथेच उतरला. त्याचा स्मारकस्तंभ आज रेवदंड्यातील एका शाळेच्या आवारात उभा आहे. १५०८ साली या बंदरातच इजिप्त व गुजरात यांच्या आरमारांनी पोर्तुगीजांचा पराभव केला आणि व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. पुढे पोर्तुगीजांनी येथे कोट बांधला, १५७१ साली निजामशाहीचा वेढा परतविला, आणि वसईच्या पाडावानंतर १७४० साली हे ठाणे मराठ्यांच्या हाती दिले. दरम्यान खाडी गाळाने भरत चालली होती, आणि व्यापार सुरतेकडे व मुंबईकडे वळला होता. ज्या गावचे कापड व रेशीम दूरदेशी जात असे, ते गाव नारळीपोफळीच्या बागांत शांतपणे विसावले.

रेवदंड्यात शिरणारा रस्ताच तटाच्या आत जातो. आत वाड्या आहेत, घरे आहेत, आणि त्यांच्या मधूनच प्रार्थनामंदिरांच्या भिंती डोकावतात. 'सातखणी' म्हणून प्रसिद्ध असलेल्या मनोऱ्याचे सर्व खण आता शाबूत नाहीत. कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लईचा डोंगरी किल्ला दिसतो. त्याच्या पायथ्याच्या गावी पोर्तुगीज व मराठी यांच्या संकरातून झालेली बोली काही शे माणसे अद्याप घरात बोलतात. आम्ही गेलो, तेव्हा तटावर आमच्याशिवाय कोणी नव्हते. ज्या वाळूवर सुटीच्या दिवशी घोडागाड्यांची आणि खाद्यपदार्थांच्या गाड्यांची रीघ असते, तेथे दोन कोळी जाळे दुरुस्त करीत बसले होते.

आमचा मुक्काम एका वाडीतील घरी होता. मे महिन्यात ज्या अंगणात मोटारी उभ्या राहतात, तेथे आता सुपारी वाळत घातली होती. घरच्या बाई सायंकाळी ती गोळा करीत असता आम्ही त्यांना सहज विचारले, "या दिवसांत कोणी येत नसेल नाही?" त्या हसून म्हणाल्या, "येतात की. मे महिन्यात गिऱ्हाईकं येतात, पौषात पाहुणे येतात."

हे वाक्य गमतीचे आहे, परंतु त्यामागचा हिशेब गमतीचा नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले आणि पिढ्यांनी जोपासलेल्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पोफळीचे रोप फळावर यावयास सहा-सात वर्षे लागतात. नारळाचीही तीच कथा. तोपर्यंत घर चालावयाचे कशावर? उतारूंसाठी बांधलेल्या दोन-चार खोल्यांवर. त्या खोल्या शनिवार-रविवारी ओसंडून वाहतात आणि उरलेले पाच दिवस रिकाम्या राहतात. दोन दिवसांत विहिरीवर जो ताण पडतो, रस्त्यावर जी कोंडी होते आणि किनाऱ्यावर जो केरकचरा साचतो, त्याचा भार गावाने सोसावयाचा. आणि उत्पन्न मात्र त्या दोन दिवसांपुरतेच! येणाऱ्यांची संख्या वाढविण्यापेक्षा त्यांचे वार विभागले गेले, तर गावाचे अधिक हित होईल, असे आम्हांस वाटते.

हे काम कोण करू शकेल? कचेरीत जाणाऱ्यांना व शाळकरी मुलांना आडवारी सवड नाही, हे आम्ही जाणतो. परंतु आमच्या वसाहतींत सेवानिवृत्त माणसे थोडी का आहेत? त्यांपैकी कित्येकांचे मूळ घर याच अष्टागरातील असेल. त्यांनी एकमेकांच्या सोबतीने निघावे. थंडीच्या दिवसांत चालण्याचा त्रास होत नाही. वालाच्या शेंगांचा हा हंगाम असल्याने घरमालकांना आदल्या दिवशी कळविल्यास पोपटीही मिळते: मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात शेंगा, बटाटे व वांगी, पाण्याचा थेंबही नाही, आणि सभोवार पेटविलेला पालापाचोळा. निघताना वाडीतील सुपारी, नारळ विकत घ्यावे, आणि परतल्यावर नातवंडांना निकितिनची गोष्ट सांगावी. मे महिन्यात ती मुले तेथे गेलीच, तर काय पाहावयाचे ते त्यांना ठाऊक असेल.

ही सवय लवकर लावून घ्यावी, यास आणखी एक कारण आहे. धरमतर खाडीवर करंजा व रेवस यांना जोडणाऱ्या पुलाचे काम हाती घेण्यात आले आहे. तो पूल झाला, म्हणजे पेणेचा वळसा वाचेल आणि अलिबाग, चौल, रेवदंडा ही गावे नवी मुंबईच्या अंगणात येतील. ती सोय निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु जी माणसे त्या पुलावरून उतरतील, त्यांच्या वागण्यावर या गावांचे पुढील दिवस अवलंबून राहतील. व्यापार गेला तरी चौल टिकले, ते वाड्या राखणाऱ्या माणसांमुळे. त्यांच्याकडे गिऱ्हाईक म्हणून जावयाचे की पाहुणे म्हणून, हे ज्याने त्याने ठरवावे.