श्रमदान लोकांचे, सातबारा कंपनीचा

समान आवडीची माणसे एकत्र आणण्याची कल्पना समाजवादाला परकी नाही. वाचनालये, कलापथके, अभ्यासमंडळे ही तिचीच रूपे होत. म्हणून अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात एकत्र राहणाऱ्या स्टीव्ह हफमन व अ‍ॅलेक्सिस ओहानियन या विद्यार्थ्यांनी 2005 साली, पदवी हाती पडताच, ‘रेडिट’ ही इंटरनेटवरील कंपनी काढली, तेव्हा त्यात वावगे काही नव्हते. (त्यांची पहिली योजना फोनवरून जेवण मागविण्याची होती, ती भांडवल पुरविणाऱ्यांना पटली नाही!) बागकाम असो, बुद्धिबळ असो की एखादा दुर्मिळ आजार, त्या विषयात रस असणाऱ्यांना तेथे आपले मंडळ उभारता येते. 2008 साली हा अधिकार सामान्य सभासदांना मिळाला आणि मंडळांचे पीक आले.

परंतु मंडळ आपोआप चालत नाही. शिवीगाळ काढणे, भामट्यांना हाकलणे, नवख्याला वाट दाखविणे ही कामे स्वयंसेवक नियामक विनावेतन करीत आले आहेत. अशा नियामकांची दैनंदिन सरासरी 60,000 हून अधिक असल्याचे कंपनीनेच 2024 साली भागविक्रीपूर्वीच्या निवेदनात नमूद केले.

याला वेठबिगार म्हणता येणार नाही. बळजबरी कोणी केलेली नाही. हे श्रमदानच आहे. मात्र श्रमदानाने खणलेली विहीर गावाची होते. येथे विहीर लोकांनी खणली आणि सातबारा निघाला कंपनीच्या नावावर! 2006 साली संस्थापकांनी ती कॉन्डे नास्ट या प्रकाशनसंस्थेला विकली, तेव्हाही सभासदांना विचारण्याचा प्रश्न उद्भवला नाही. पुढे याच लोकांचे लेखन कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वापरू देण्याचे करार झाले. त्यांचे एकूण मूल्य 20 कोटी 30 लाख डॉलर असल्याचे त्याच निवेदनात म्हटले आहे. लिहिणाऱ्यांना या रकमेत वाटा नाही.

जून 2023 मध्ये ठिणगी पडली. नियामक ज्या बाहेरच्या साधनांवर विसंबून होते, त्यांतील अनेकांना परवडणार नाही असे शुल्क कंपनीने लादले, आणि हजारो मंडळांनी आपली दारे बंद केली. तो संपच होता. पण बहुतेकांनी तो 48 तासांचाच जाहीर केला होता. संपाचा शेवट आधीच सांगितला की मालकाला नुसती वाट पाहायची असते, हे गिरणीच्या दाराशी उभ्या राहिलेल्या कोणत्याही कार्यकर्त्याने सांगितले असते. जे अडून राहिले त्यांना पदावरून दूर करण्याचा इशारा मिळाला. किल्ल्या अखेर कंपनीच्याच होत्या. शुल्क कायम राहिले.

ही सुखवस्तूंची करमणूक आहे असे म्हणून पाठ फिरविणारे चळवळीत पुष्कळ निघतील. ते चुकतात. श्रम एकाचे आणि फळाची मालकी दुसऱ्याची, हा प्रश्न शेतात वा कारखान्यातच उभा राहतो असे नाही. दुसरी वाट अशक्यही नाही. विकिपीडिया स्वयंसेवकांच्याच लेखणीवर उभा आहे. तरी 2003 पासून त्याचा कारभार नफा न कमावणाऱ्या प्रतिष्ठानाकडे आहे आणि त्यातील मजकूर सर्वांना मुक्त आहे.

रेडिटने मार्च 2024 मध्ये भाग विक्रीस काढले, तेव्हा काही भाग सभासदांसाठी व नियामकांसाठी राखून ठेवले. किंमत प्रत्येकी 34 डॉलर; ती ज्याने त्याने स्वतःच्या खिशातून भरावयाची होती.