कुत्र्यासकट शर्यतीत!

मागे सहलीचं सामान, मुलांची सायकल आणि जमलंच तर घरचा कुत्रा! ‘स्टेशन वॅगन’ म्हणजे अगदी संसारी गाडी. १९९४ साली ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत व्होल्वोने अशीच ‘८५० इस्टेट’ उतरवली, तेव्हा प्रतिस्पर्ध्यांना हसू आवरेना.

व्होल्वोची गाडी म्हणजे भक्कम, सुरक्षित. पण कंटाळवाणी, असा लौकिक होता. तो पुसायचा तर हसं होण्याची जोखीम पत्करणं भागच होतं. गाडी तयार करायचं काम टॉम वॉकिनशॉ यांच्या चमूने घेतलं. आतली आसनं, गालिचे, अस्तर सगळं निघालं. त्या जागी चालकाच्या रक्षणासाठी पोलादी नळ्यांचा पिंजरा बसला. पाच सिलिंडरच्या दोन लिटर इंजिनातून, टर्बोशिवाय, पावणेतीनशेहून जास्त अश्वशक्ती काढण्यात आली. चालक होते स्वीडनचा रिकार्ड रिडेल आणि १९८८ची ‘ल मां’ शर्यत जिंकणाऱ्यांपैकी एक, हॉलंडचा यान लामर्स.

चेष्टा काही थांबेना. मग एकदा शर्यतीआधीच्या संचलन फेरीत गाडीच्या मागच्या भागात चक्क एक भलाथोरला खेळण्यातला कॉली कुत्रा बसलेला दिसला!

वॅगनने एकही शर्यत जिंकली नाही. पाचव्या क्रमांकापुढे तिची मजल गेली नाही. १९९५मध्ये नियम बदलले, हवेचा दाब साधणारे पंख लावायला परवानगी मिळाली आणि लांब टपाची वॅगन जाऊन सेडान आली. १९९८मध्ये रिडेलने व्होल्वोच्याच ‘एस ४०’मधून अजिंक्यपद पटकावलं. पण शौकिनांच्या गप्पांत आजही निघते ती हरलेली वॅगनच!