निर्देशांकाच्या यादीबाहेर

मुंबई शेअरबाजाराचा निर्देशांक किती अंशांनी चढला वा घसरला, हे सांगितल्यावाचून आता बातम्यांना पूर्णता येत नाही. महालातील जुन्या वाड्याच्या ओसरीवर बसलेला निवृत्त कारकूनही तो आकडा ऐकतो आणि चढला असेल तर देशाचे बरे चालले आहे, अशी समजूत करून घेतो. ही समजूत सर्वस्वी चूक नाही. पण ती जेवढी सोयीची आहे, तेवढी खरी नाही.

'सेन्सेक्स' म्हणजे तीस मोठ्या कंपन्यांच्या बाजारमूल्याची सरासरी. १९७८-७९ हे वर्ष १०० मानून १९८६ च्या आरंभी तो सुरू झाला. २००३ पासून प्रवर्तकांकडे अडकलेले भाग वगळून, बाजारात खरोखर फिरणाऱ्या भागांच्या किमतीवर त्यात प्रत्येक कंपनीचे वजन ठरते. जुलै १९९० मध्ये त्याने हजाराचा टप्पा ओलांडला. १९९२ च्या रोखे घोटाळ्याने तो आदळला. २००८ च्या जानेवारीत एकवीस हजारांना स्पर्श करून त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो दिवसभराच्या उलाढालीत आठ हजारांखालीही उतरला. २३ मार्च २०२० या एकाच दिवशी तो ३,९०० अंशांहून अधिक कोसळला. एवढे आघात सोसूनही दीर्घ मुदतीत तो वर गेला, याचे एक कारण भारतीय उद्योगांची वाढ हे आहेच. दुसरे कारण मात्र क्वचितच सांगितले जाते. या यादीतील दुबळी होणारी कंपनी वगळली जाते आणि तिच्या जागी सबळ कंपनी घेतली जाते.

विदर्भाला याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. आरंभीच्या तीस कंपन्यांत बल्लारपूर इंडस्ट्रीजचे नाव होते. ज्या कागदावर इथल्या कित्येक पिढ्यांनी धडे गिरवले आणि ज्यावर कचेऱ्यांची टिपणे लिहिली गेली, त्या कागदाची ही कंपनी. पुढे ती यादीतून गेली आणि २०२० साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली. निर्देशांकाने तिची पडझड ती यादीत असेपर्यंतच मोजली. त्यानंतर भागधारकांचे, सावकारांचे आणि बल्लारपूरच्या बाजारपेठेचे काय झाले, हा त्याच्या हिशेबाचा विषय उरला नाही.

महालाच्या उंबरठ्यावरची गोष्ट तर याहून बोलकी आहे. जमशेटजी टाटांनी १८७४ साली पंधरा लाखांच्या भांडवलावर कंपनी स्थापून जुम्मा तलावाकाठच्या दलदलीत भराव घातला, तेव्हा एका स्थानिक सावकाराने हा माणूस सोने मातीत घालतो आहे म्हणून पैसा देण्याचे नाकारले, अशी आख्यायिका आहे. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली आणि सावकाराला आपले शब्द गिळावे लागले. कामगारांसाठी निवृत्तीचा निधी ही कल्पना या गिरणीने १८८६ साली, म्हणजे कायद्याने सांगण्याच्या कितीतरी आधी, अमलात आणली. योगायोग असा की, त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, मुंबईत निर्देशांक जन्मला त्याच १९८६ साली, ही कंपनी अवसायनात गेली. राज्य सरकारच्या महामंडळाने गिरणी काही वर्षे चालवली आणि २००२ मध्ये भोंगा कायमचा थांबला. आज त्या जागेवर विक्रीसंकुल उभे आहे. १९८६ ते २००२ या काळात निर्देशांक अनेक पटींनी वाढला होता. गांधी गेटच्या आतबाहेर राहणाऱ्या गिरणी कामगाराच्या घरात त्या वाढीचा एक पैसाही आला नाही.

मग निर्देशांकाशी मास्तराचा आणि कारकुनाचा संबंध काय? तो संबंध आता त्यांच्या इच्छेवर राहिलेला नाही. राज्य सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाकारून अंशदानाची योजना लावण्यात आली, आणि त्यांच्या पुंजीचा काही भाग शेअरबाजारात जातो. खासगी नोकरदारांच्या भविष्यनिर्वाह निधीचा हिस्साही ऑगस्ट २०१५ पासून निर्देशांकाच्या मागे चालणाऱ्या निधींत गुंतवला जात आहे. येथे यादीतली अदलाबदल गुंतवणूकदाराला उपकारकच ठरते, कारण बुडत्या कंपनीचे ओझे त्याच्या अंगावर शेवटपर्यंत राहत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. एखाद्याच कंपनीचे भाग कवटाळून बसण्यापेक्षा हा मार्ग निश्चित शहाणपणाचा आहे. वीसपंचवीस वर्षे हाती असलेल्या तरुण शिक्षकाने त्याला भ्यावे, असे काही नाही.

प्रश्न आहे तो निवृत्तीच्या तारखेचा. निर्देशांकाला उसंत असते, माणसाला नसते. ३१ मार्च २०२० रोजी सेवेतून बाहेर पडलेल्या कर्मचाऱ्याला बाजार वर्षभरात सावरेल, हे ज्ञान काय कामाचे? 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत मार्च २०२३ मध्ये राज्यातील शिक्षक आणि कर्मचारी आठवडाभर संपावर गेले, त्याच्या मुळाशी हीच धास्ती होती. तिजोरीवरील भाराची सरकारने मांडलेली अडचण खोटी नव्हती. पण बाजाराची जोखीम कोणी पेलायची, या प्रश्नाला 'दीर्घ मुदतीत सर्व ठीक होते' हे उत्तर नव्हे. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून किमान रकमेची हमी असलेला पर्याय आपल्या कर्मचाऱ्यांना दिला, ही त्या धास्तीच्या रास्तपणाची कबुलीच होय.

अशी हमी विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकाला, दुकानातल्या हिशेबनिसाला कोण देणार, हे मात्र अजून कोणी सांगितलेले नाही. त्यांच्यासाठी निदान एवढे तरी तातडीने करता येईल: निवृत्तीची वर्षे जवळ येताच पुंजी बाजारातून टप्प्याटप्प्याने सुरक्षित रोख्यांकडे वळवली जावी, आणि वर्षाकाठी मिळणारे विवरण त्याला वाचता येईल अशा मराठीत यावे. आपला किती पैसा कोठे आहे, हे कळण्यासाठी महालातल्या माणसाला पोराबाळांच्या हातापाया पडावे लागू नये.