पीएफ नसलेल्यांच्या मजुरीचे काय?

केंद्र सरकारने मार्च 2020 पासून छोट्या आस्थापनांतील 15,000 रुपयांखालच्या कामगारांचा 24 टक्के पीएफ स्वतः भरला. मुदत ऑगस्ट 2020 पर्यंत वाढवली. ती पुढेही वाढवायला हवी होती. पण ज्याचे पीएफ खातेच नाही, त्याचे काय? भिवंडी-मालेगावात मीटरवर मजुरी घेणाऱ्या बहुतेक यंत्रमाग कामगारांकडे पगाराची पावतीही नसते. मी सॉफ्टवेअर अभियंता. लॅपटॉप घरी आला, पगार चालू राहिला. त्यांचा माग थांबला की मजुरी थांबते. ब्रिटनने घरी बसावे लागलेल्यांचा 80 टक्के पगार, ठरावीक मर्यादेत, उचलला. आपल्याकडे नुसती मुदत नको, व्याप्तीही वाढवायला हवी होती: रेशनकार्डावरून नोंद, थेट खात्यात मजुरी. मित्रांनो, मोहल्ल्यातल्या कामगारांच्या याद्या आजच करा. यादी नसेल, तर सरकार म्हणेल, असे कामगारच नाहीत.