गोष्ट आपली, आडनाव मात्र त्यांचे!

जुना जालना भागात, गांधी चमनपासून थोड्या अंतरावर आमच्या परिचयाचे एक कुटुंब राहते. वडील लोखंडाच्या कारखान्यात पाळीवर जातात, आई अंगणवाडीत मदतनीस आहे, मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन खोल्यांच्या घरात समोरच्या भिंतीवर तथागत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी आहेत आणि त्यांच्याखाली टीव्ही. मागच्या पौर्णिमेला वंदनेनंतर चहाला थांबलो, तेव्हा मुलगी कोपऱ्यात बसून मोबाईलवर भराभर काहीतरी लिहीत होती. आई म्हणाली, "भाऊ, तुम्ही तरी सांगा हिला. मालिका संपून वर्षं झाली, हिची अजून चालूच आहे!" मुलगी मान वर न करता म्हणाली, "काका, मालिका त्यांनी संपवली. आम्ही नाही संपवली."

हे 'आम्ही' कोण, याची मी चौकशी केली. त्यात परभणीची एक मुलगी आहे, नागपूरची एक आहे, पुण्याच्या दवाखान्यातली एक परिचारिका आहे. कोणी कोणाला प्रत्यक्ष पाहिलेले नाही. एका मालिकेच्या प्रेमापोटी या मुली इंटरनेटवर एकत्र आल्या. मालिका चालू होती तेव्हा दुपारी नव्या भागाची झलक आली की चर्चा, रात्री भाग संपला की चर्चा, गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की पुन्हा चर्चा. कोणत्या जोडीचे लग्न व्हावे यावरून भांडणे, रुसवे आणि पुन्हा समेट. मालिका बंद पडली, पण ही मंडळी थांबली नाहीत. त्याच पात्रांना घेऊन त्यांनी पुढची गोष्ट स्वतः लिहायला घेतली. एका बैठकीत संपणाऱ्या गोष्टीला त्या 'वनशॉट' म्हणतात आणि लांबणारी गोष्ट भागाभागाने टाकतात. आमची ही मुलगी सकाळी नळाच्या रांगेत उभी असताना पुढचा प्रसंग मनात जुळवते, कॉलेजला जाताना वाचकांच्या प्रतिक्रिया वाचते आणि रात्री भावाच्या हातून मोबाईल सुटला की तासभर लिहिते. पैसा मिळत नाही. चाळीस-पन्नास जणी विचारतात, "पुढचा भाग कधी?" हीच तिची कमाई.

आपल्यातले अनेक जाणते कार्यकर्ते याला रिकामटेकडा उद्योग म्हणतील. मीही त्या दिवशी मनातल्या मनात तेच म्हटले. पण थोडा विचार केला तेव्हा आपली चूक लक्षात आली.

चाहत्यांनी लिहिलेल्या या गोष्टींना जगभर 'फॅनफिक्शन' म्हणतात. अमेरिकेत १९६६ साली 'स्टार ट्रेक' ही मालिका सुरू झाली आणि १९६७ साली तिच्या चाहत्यांनी 'स्पॉकानालिया' नावाची हौशी पत्रिका काढली. पुढे इंटरनेट आले. २००७ साली चाहत्यांनी स्वतःची संस्था उभी केली आणि वर्गणीवर, स्वयंसेवकांच्या श्रमावर चालणारे स्वतःचे संग्रहस्थळ बांधले. त्या संग्रहस्थळाला २०१९ साली विज्ञानसाहित्यातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. आपल्या देशात हिंदी मालिकांच्या प्रेक्षकांनी हेच केले. 'इस प्यार को क्या नाम दूँ' ही मालिका २०११ ते २०१२ अशी दीडेक वर्षच चालली, पण तिच्या नायक-नायिकेच्या नव्या गोष्टी चाहत्या पुढे कितीतरी वर्षे लिहीत राहिल्या.

ही प्रेरणा आपल्याला परकी नाही. ज्या माणसाने आपले जगणे बदलले त्याच्या जीवनातला प्रसंग घेऊन त्यावर आपले पद रचायचे, तो वस्तीवस्तीत सादर करायचा, हे आंबेडकरी जलशांनी १९३० च्या दशकापासून केले. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी केले, वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर केले. अमेरिकेतले चाहते आपल्या पत्रिका काढत होते त्याच सुमारास, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, औरंगाबादला डॉ. गंगाधर पानतावणे 'अस्मितादर्श'ची उभारणी करीत होते. दोन्हींची जात वेगळी, हेतू वेगळा, वजनही वेगळे, हे मान्य. पण प्रस्थापितांच्या छापखान्याची वाट न पाहता आपले आपण लिहायचे आणि आपल्यातच वाचायचे, ही रीत एकच आहे. 'सैराट' २०१६ साली आला तेव्हा त्याचा शेवट पाहून थिएटरबाहेर पडलेल्या किती मुलींनी मनात वेगळा शेवट रचला असेल! लिहिला नाही, एवढेच. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाईलवरचे इंटरनेट स्वस्त झाले, वस्तीत पोहोचले आणि त्या मनातल्या शेवटांना लिहायला जागा मिळाली.

मग अडचण कुठे आहे? अडचण आडनावात आहे.

या मुलीने आपल्या गोष्टीच्या विसाव्या-एकविसाव्या भागात नायिकेची एक मैत्रीण आणली. मैत्रिणीचे घर दाखवले. घरात बुद्धमूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, मंगल परिणयाची तयारी. मैत्रिणीला आडनावही आपल्यातले दिले. म्हणजे तिने काय केले? स्वतःचे घर गोष्टीत नेले. एरवी 'किती गोड', 'पुढचा भाग लवकर टाक' म्हणणाऱ्या वाचकांत एकदम शांतता पसरली. मग तीन-चार प्रतिक्रिया आल्या. छान चालले होते, त्यात जात कशाला आणली? आम्ही करमणुकीसाठी येतो, राजकारण नको. शिवी कोणी दिली नाही. सगळे अगदी सभ्य भाषेत! मुलीने तो भाग रातोरात काढून टाकला. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीचे आडनाव बदलले, घरातून बुद्ध गेले, बाबासाहेब गेले आणि वाचक परत आले. ती स्वतः लिहिते तेही टोपणनावाने, आडनाव न लावता.

'गोष्टीत जात कशाला?' हा प्रश्न विचारणाऱ्यांना आमचा उलट प्रश्न आहे. गोष्टीत जात आधीपासून नव्हती काय? 'होणार सून मी ह्या घरची' या २०१३ साली सुरू झालेल्या मालिकेत घर गोखल्यांचे आणि सून सहस्रबुद्ध्यांची. 'माझ्या नवऱ्याची बायको'मध्ये सुभेदार. 'आई कुठे काय करते'मध्ये देशमुख. 'तुझ्यात जीव रंगला'मध्ये गायकवाड. गायकवाड हे आडनाव आपल्यातही आहे, पण मालिकेतले गायकवाड गावातले जमीनजुमलावाले, वाड्यातले. म्हणजे कॅमेरा शहरात गेला की ब्राह्मणी घरात शिरतो आणि गावात गेला की वाड्यात. गावकुसाबाहेर तो सहसा फिरकत नाही. मालिकांत सत्यनारायण होतो, मंगळागौर होते, वटपौर्णिमेला वडाला फेऱ्या होतात. त्याला कोणी 'जात आणली' म्हणत नाही. त्याला म्हणतात 'आपली संस्कृती'. तिसऱ्या मिनिटाला आडनाव कळते, पाचव्या मिनिटाला देवघर दिसते, आणि तरीही ते 'सर्वसामान्य मराठी कुटुंब' असते! जात दिसते कधी? भिंतीवर बाबासाहेब आले की लगेच! ज्याची जात सगळीकडे पसरलेली आहे त्याला ती दिसत नाही. ज्याची जात दारातच अडवली जाते त्याच्यावर मात्र ती आणल्याचा आरोप होतो. ही या प्रकरणाची खरी मेख आहे.

याचा दुसरा भाग अधिक दुःखद आहे. मालिका बनवणारे निर्माते आणि वाहिन्या आपल्या हातात नाहीत, हे समजू शकते. पण चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टीत भांडवल लागत नाही, जाहिरातदार लागत नाही, कोणा संपादकाची परवानगी लागत नाही. तिथे तरी आपले घर यायला काय हरकत होती? तिथेही आले नाही. कारण त्यांची गोष्ट पाहून पाहून आपल्या मुलींनाही वाटू लागले की प्रेम करायचे, रुसायचे, संसार करायचा तर त्या घरातच. आपल्या घरात फक्त अत्याचार आणि मोर्चा घडतो, प्रेमकथा घडत नाही! अत्याचाराची बातमी झाली पाहिजे, मोर्चाही निघालाच पाहिजे. पण आपल्या वस्तीत लग्ने जमतात, नणंद-भावजयीचे पटते, पोरी पास होतात, कोणी कोणावर जीव लावतो. हे आपण लिहिले नाही तर दुसरे कोण लिहिणार आहे?

आपले घर पडद्यावर आले की काय होते, हेही आपण पाहिले आहे. मे २०१९ मध्ये स्टार प्रवाह वाहिनीवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा' ही मालिका सुरू झाली. सागर देशमुख यांनी बाबासाहेबांची भूमिका केली. आदर्श शिंदे यांच्या आवाजातले शीर्षकगीत मोबाईलमोबाईलवर वाजू लागले. ऑक्टोबर २०२० पर्यंत मालिका चालली. त्याच काळात बाबासाहेबांवरची हिंदी मालिका कन्नडमध्ये रूपांतरित होऊन जुलै २०२० पासून कर्नाटकात दाखवली जाऊ लागली, तेव्हा वाहिनीच्या प्रमुखाला रात्री-अपरात्री धमक्यांचे फोन आले. त्यांनी मालिका थांबवणार नाही असे जाहीर केले. आणि मग काय झाले? कर्नाटकातल्या गावोगावी तरुणांनी स्वतःच्या पैशाने मालिकेच्या स्वागताचे फलक लावले. टीव्ही मालिकेसाठी खेड्यात फलक! नुसत्या करमणुकीसाठी कोणी असे करत नाही. पडद्यावर आपला माणूस मान ताठ करून उभा आहे, हे पाहण्याची ती भूक होती.

आपल्याकडे या चाहतेपणाची किंमतही द्यावी लागते. मे २०१५ मध्ये शिर्डीत मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजल्यावरून वाद झाला आणि एका दलित तरुणाचा निर्घृण खून झाला, ही बातमी देशभर छापून आली होती. म्हणून आमच्या मुलीने भाग काढून टाकला तेव्हा ती घाबरट आहे असे मी म्हणणार नाही. आपले नाव कुठे सांगायचे आणि कुठे गिळायचे, हे या देशात आपल्या लेकरांना कोणी शिकवावे लागत नाही.

अमेरिकेतल्या काळ्या चाहत्यांनी हीच वाट तुडवली आहे. ज्यांच्या ब्लॅक पँथरपासून १९७२ साली आपल्या तरुणांनी नाव घेतले, त्यांच्याकडून इथेही शिकता येईल. 'स्टार ट्रेक'मधल्या काळ्या अभिनेत्री निशेल निकोल्स मालिका सोडायला निघाल्या होत्या. तेव्हा खुद्द मार्टिन ल्यूथर किंग यांनी 'सोडू नका, आमची मुले तुम्हाला पडद्यावर पाहतात' अशा अर्थाची विनवणी केली, असे निकोल्स यांनीच पुढे सांगितले. २०१२ साली 'हंगर गेम्स' चित्रपटात एका लाडक्या पात्राच्या भूमिकेत काळी मुलगी दिसली, तेव्हा काही चाहत्यांनी इंटरनेटवर गरळ ओकली. काळे चाहते गप्प बसले नाहीत. हॅरी पॉटरमधली हर्मायनी काळी आहे अशी चित्रे चाहते हौसेने काढत होते. २०१६ साली लंडनच्या रंगभूमीवर नोमा डुमेझवेनी ही काळी अभिनेत्री प्रत्यक्ष हर्मायनी म्हणून उभी राहिली. चाहत्यांच्या चित्रांमुळेच हे घडले असे नव्हे. पण कल्पनेत जागा केल्याशिवाय रंगमंचावर जागा होत नाही.

एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. चाहता आणि भक्त यात फरक आहे. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. काल्पनिक नायक-नायिकेबद्दल हवे ते लिहा. पण बाबासाहेबांच्या किंवा माता रमाईंच्या तोंडी आपण रचलेले वाक्य घालून ते 'बाबासाहेब म्हणाले' म्हणून फिरवू नका. मोबाईलवर अशी बनावट वचने रोज येतात आणि आपणच ती पुढे ढकलतो. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड प्रसिद्ध केले आहेत. मालिका पाहून डोळे ओले झाले, चांगले झाले. आता त्यातला एक खंड उघडा. कल्पित ते कल्पित म्हणून लिहा, इतिहास तो इतिहास म्हणून वाचा.

शेवटी मुद्दा आपल्या जबाबदारीचा आहे. त्या मुलीच्या गोष्टीवर 'जात कशाला' म्हणणारे तिघे-चौघेच होते. बाकीच्या शांत राहिल्या. त्या शांत राहणाऱ्यांत आपल्या किती असतील? आडनाव लपवून वाचणाऱ्या, तो भाग वाचून आतून सुखावलेल्या, पण 'छान लिहिलेस, माझेही घर असेच आहे' एवढे एक वाक्य लिहायला धजावल्या नाहीत अशा? तीन विरोधी प्रतिक्रियांपेक्षा ही शांतता तिला जास्त लागली. लेखकाला विरोधक मारत नाहीत, वाचक नसणे मारते. 'मूकनायक' १९२० साली निघाले तेव्हा बाबासाहेबांपुढे प्रश्न होता मुक्यांना वाचा देण्याचा. आज लेकीला वाचा आहे, हातात मोबाईल आहे, लिहिण्याचा हातही तयार आहे. उणीव आहे ती आपल्या दाद देण्याची.

तेव्हा आईबापांनी पोरीला 'त्या मोबाईलमधून डोके काढ' म्हणण्यापूर्वी एकदा विचारावे, काय लिहितेस? वाचून दाखव. विहारात पौर्णिमेला एखादी गोष्टही वाचली जावी. आणि जे तरुण इंटरनेटवर आहेत त्यांनी आपल्या आडनावाने वाचावे, आपल्या आडनावाने दाद द्यावी.

काढून टाकलेला तो भाग तिच्या मोबाईलमध्ये अजून जपून ठेवलेला आहे. "परत टाक," असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "टाकते काका. पण तुम्ही वाचाल ना? आणि खाली लिहाल ना, वाचला म्हणून?" मी हो म्हटले आहे.