बारीक होण्याचे कौतुक

‘काय मॅडम, किती छान बारीक झालात! काय करता तरी काय?’ हे वाक्य आमच्या स्टाफरूममध्ये एका सहकारी बाईंना सात महिने ऐकावे लागले. त्या काहीच करीत नव्हत्या. ना डाएट, ना फिरणे. वजन मात्र ६२ किलोंवरून ५६ वर आले होते. साऱ्या पदव्युत्तर मंडळींना त्यात यश दिसले. चहा आणून देणाऱ्या मावशी तेवढ्या एके दिवशी म्हणाल्या, ‘बाई, वाळलात. खाल्लेलं अंगी लागत नाही तुमच्या. डाक्टरला दाखवा.’ बाईंनी दाखवले. रक्तातील साखर भयंकर वाढलेली निघाली.

कौतुक करणाऱ्यांत आम्हीही होतो, हे आधीच सांगून टाकतो. भाषा शिकवण्यात हयात घालवणाऱ्यांना जे कळले नाही ते मावशींना कसे कळले, हा प्रश्न तेव्हापासून मनात आहे. आमचे उत्तर असे की, त्यांच्यापाशी ‘वाळणे’ हा शब्द जिवंत होता आणि आमच्यापाशी फक्त ‘बारीक’ उरला होता.

देहाच्या घटत्या-वाढत्या अवस्थांविषयी मराठीने केवढी क्रियापदे घडवली आहेत! बाळसे धरणे, अंग भरणे, अंगी लागणे, पोट सुटणे. आणि दुसऱ्या बाजूला वाळणे, रोडावणे, सुकणे, खंगणे, झुरणे, झडणे, गाल बसणे, रया जाणे. यांतले कोणतेही दोन शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. रोडावलेला माणूस चार दिवसांच्या तापातून उठलेला असू शकतो. खंगलेल्याच्या मागे दीर्घ दुखणे असते. झुरणाऱ्याचे कारण मनात असते. म्हणजे या शब्दांत निरीक्षण आहे, काळाचा अंदाज आहे आणि कारणाचा तर्कही आहे. ‘बारीक’ आणि ‘जाड’ ही विशेषणे त्या मानाने मुकी आहेत. ती स्थिती सांगतात, बदल सांगत नाहीत.

वैद्यकशास्त्राला मात्र बदल महत्त्वाचा वाटतो. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले तर तपासणी करावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. मधुमेह, क्षय, थायरॉईडची अतिक्रियाशीलता, कर्करोग, नैराश्य यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. ६२ किलोंचे पाच टक्के म्हणजे जेमतेम तीन किलो. सकाळ-संध्याकाळच्या किलोभर फरकाचे काही नाही, ते बहुतांशी पाणी असते. बाईंचे सहा किलो गेले होते, आणि आम्ही टाळ्या वाजवीत होतो.

आता आकड्याविषयी. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून जो बीएमआय निघतो, त्याचे मूळ बेल्जियमच्या अडॉल्फ केटले या खगोलशास्त्रज्ञ-संख्याशास्त्रज्ञाकडे जाते. १८३० च्या दशकात तो ‘सरासरी माणूस’ शोधत होता. लठ्ठपणाशी त्याला कर्तव्य नव्हते. त्या सूत्राला आजचे नाव दिले ते अँसेल कीज यांनी, १९७२ मध्ये, पाच देशांतील पुरुषांची मापे तपासून. पुढे १८.५ ते २४.९ ही निरोगी वजनाची चौकट रूढ झाली, आणि २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकांच्या बाबतीत २३ पासूनच सावध व्हावे असे सुचवले. आमच्या बाईंची उंची १५७ सेंटिमीटर. धडधाकट असताना त्यांचा आकडा २५.२ होता, आजारात २२.७ झाला. आजारी पडून त्या चौकटीत बसल्या!

तेव्हा जुनी भाषा शहाणी आणि नवा आकडा खोटा, असे म्हणून मोकळे व्हावे काय? आमच्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकांना हा मोह फार. पण तो आवरलेला बरा. कारण आपल्या भाषेनेही आपल्याला भरपूर फसवले आहे. ‘तब्येत सुधारली’ म्हणजे माणूस जाड झाला, हे समीकरण आपलेच. सुटलेल्या पोटाला ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून आपणच गौरवले, सुदृढ बालकांच्या स्पर्धांत गुटगुटीतपणाला बक्षिसे दिली. खरे तर चरकसंहितेने अतिस्थूल आणि अतिकृश दोघांनाही निंदितांत बसवून त्यांतला स्थूल अधिक वाईट ठरवला आहे, पण संसारी बोलीने ते मनावर घेतले नाही.

त्याहून मोठी उणीव वेगळीच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्यासह स्वतःचे छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय नेमका २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांतही त्यांच्या गटाला हेच दिसले. बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील बाळांचे ३.५, पण वजनाने एवढी कमी असलेली ही बाळे चरबीने तितकी कमी नव्हती. उणीव प्रामुख्याने स्नायूंची होती. दिसायला कृश आणि आतून मेदयुक्त असा हा देह मधुमेहाला लवकर बळी पडतो. त्याला मराठीत शब्दच नाही. ‘काडीपैलवान’ जवळ येतो, पण त्यात थट्टा आहे, मेद नाही. हातापायांच्या काड्या आणि पुढे आलेले पोट असलेला गृहस्थ आपल्याकडे गल्लोगल्ली दिसतो, आणि आपण त्याला खुशाल ‘सडपातळ’ म्हणतो. तिथे मावशींची नजरही चुकेल; तिथे कमरेला फीतच लावली पाहिजे. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे धोका मानतात. जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’च्याच एका आयोगाने लठ्ठपणाचे निदान केवळ बीएमआयवर न करता कमरेसारखे मापही घ्यावे, असे सांगितले आहे.

(जाता जाता : ‘वजन’ हा शब्द अरबी-फारसीतून आला. गझलेच्या परंपरेत त्याचा अर्थ वृत्ताचे माप असाही होतो, आणि कचेरीत अर्जावर ठेवायचे ‘वजन’ तर सर्वांनाच ठाऊक आहे. असो.)

एम.ए.च्या वर्गात आम्ही यंदा देहबदलाची क्रियापदे गोळा करायला सांगितली. गावाकडून आलेल्या मुलांनी पानभर आणली. शहरातल्या एका मुलीच्या वहीत ‘वेट लूज करणे’ आणि ‘वेट गेन करणे’ एवढी दोनच होती. ती हुशार आहे. तिच्या घरात कुणी वाळत नाही, असे थोडेच आहे?

बाईंचे औषधपाणी सुरू झाले, साखर आटोक्यात आली आणि गेलेल्यांपैकी तीन किलो परत आले. स्टाफरूममध्ये लगेच कुणीतरी म्हणाले, ‘मॅडम, पुन्हा सुटायला लागलात हो!’ बाई नुसत्या हसल्या. मावशी कप गोळा करीत होत्या. ‘अंग धरलंय त्यांनी,’ त्या म्हणाल्या.